मऊ फळं न चेंगरता गोठवायची आणि हवाबंद करायची रीत

जांभळाचा हंगाम आमच्या ठाण्यात धड महिनाभर टिकत नाही. मेच्या शेवटी जांभळी नाक्यावर पहिल्या टोपल्या दिसतात, जूनचा पाऊस जोर धरतो तसं फळ पाणचट होतं, आत अळी निघायला लागते आणि एक दिवस टोपल्या दिसेनाशा होतात. माझी लेक बंगळुरूला नोकरी करते, ती येते दिवाळीला. "आई, यंदाही जांभूळ हुकलंच," हे तिचं वाक्य मी तीन दिवाळ्या ऐकलं आणि चौथ्या वर्षी घरात व्हॅक्यूम सीलर, म्हणजे पिशवीतली हवा काढून तिचं तोंड चिकटवणारं मशीन, आणलं.

पहिल्या दोन खेपांना फळं वाया गेली. त्या कशा गेल्या ते आधी सांगते, कारण सगळी रीत त्यातूनच उमजली.

मार्च महिना होता. पाचगणीची स्ट्रॉबेरी आणली, धुतली, पिशवीत भरली आणि सरळ मशीनचं बटण दाबलं. पंप सुरू झाला, पिशवी फळांना चिकटली आणि आवळतच गेली. फळं एकमेकांवर दाबली गेली, साल फाटली, लाल रस पिशवीच्या तोंडाकडे चढत चढत सीलच्या पट्टीपर्यंत आला. ओल्यावर लागलेलं सील दोन दिवसांत सुटलं. फ्रीजरमधून बाहेर निघाली ती लाल बर्फाची एक वडी.

जांभळाच्या वेळी शहाणी झाले होते. आधी फळं सुटी गोठवली, मग हवा काढली. पिशव्या अशा सुबक झाल्या की एकेक जांभूळ मोजून घ्यावं. दिवाळीच्या सकाळी त्यातली एक बंद पिशवी तशीच ओट्यावर ठेवली आणि फराळाच्या गडबडीत विसरले. तासाभराने पाहिलं तर जांभळं वितळता वितळता चपटी झालेली, गर बियांपासून सुटलेला आणि पिशवी सगळीकडून घट्ट आवळलेली. गोठवताना जे वाचवलं ते वितळवताना गेलं.

या दोन्हींतून हाती लागलेला नियम असा: हवा काढण्याआधी फळ दगडासारखं झालेलं हवं, आणि फळ मऊ पडण्याआधी पिशवीत हवा परत गेलेली हवी. पुढे जे लिहिते आहे तो याच नियमाचा तपशील.

फळ दबतं कशामुळे

मशीन पिशवी दाबत नाही. मशीन फक्त आतली हवा काढून घेतं, दाबते ती बाहेरची हवा. समुद्रसपाटीला, म्हणजे आपल्या ठाण्यात, हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो वजनाइतका असतो. एरवी तो आत-बाहेर सारखा असल्यामुळे जाणवत नाही. घरगुती सीलरने आतली साठ टक्के हवा काढली असं धरा. १५ बाय २० सेंटिमीटरच्या पिशवीची एक बाजू ३०० चौरस सेंटिमीटर. म्हणजे त्या एका बाजूवर १८० किलोंचा भार, आणि तेवढाच दुसऱ्या बाजूने. दोन-तीन धट्टीकट्टी माणसं पिशवीवर उभी राहिल्यासारखं. त्यात पिकलेल्या स्ट्रॉबेरीचा निभाव लागणार नाही. फळांच्या मधल्या फटी आधी मिटतात, फळं एकमेकांत घुसतात, आणि स्ट्रॉबेरीच्या पोटातली पोकळीही दबते.

गोठलेलं फळ मात्र हा भार सहज पेलतं.

नुसत्या गोठवण्यातही फळाला इजा होतेच. पाण्याचा बर्फ झाला की तो सुमारे ९ टक्के जास्त जागा घेतो, आणि स्ट्रॉबेरीत नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. फळ सावकाश गोठलं तर बर्फाचे खडे मोठे होतात आणि पेशींच्या भिंती फोडतात, लवकर गोठलं तर खडे बारीक राहतात आणि नुकसान कमी होतं. घरच्या फ्रीजरमधून कारखान्यासारखं काम होणार नाही, हे मान्य करूनच सुरुवात करावी. वितळल्यावर फळ ताज्यासारखं कडक राहणार नाही. पण आकार, रंग, वास आणि चव नक्की राखता येते, आणि अर्धवट गोठलेलं असताना खाल्लं तर खाणाऱ्याची काही तक्रार नसते.

मग हवा काढायचीच कशाला? कारण फ्रीजरमधली कोरडी हवा फळातला ओलावा ओढून घेते. कडा पांढुरक्या आणि भुसभुशीत होतात, चव कागदासारखी लागते. फ्रॉस्ट-फ्री फ्रीजमध्ये हे जास्त होतं, कारण तिथे पंखा सतत फिरतो आणि बर्फ काढण्यासाठी अधूनमधून आतली हवा थोडी गरमही होते. फळाला पिशवी चिकटून बसली की ओलावा जायला जागा उरत नाही, आणि हवेने रंग काळवंडणंही कमी होतं. हवा काढलेलं फळ मी जांभळापासून जांभळापर्यंत, म्हणजे वर्षभर ठेवते.

साधनं

घरगुती सीलर घेताना मी तीन गोष्टी बघायला सांगेन. पहिली, हवा थांबवत थांबवत काढायची सोय, म्हणजे बटण दाबून धरलं की पंप चालतो आणि सोडलं की थांबतो. याला बहुतेक मशीनवर 'पल्स' लिहिलेलं असतं. दुसरी, हवा न काढता नुसतं सील करण्याचं वेगळं बटण. तिसरी, रस सांडला तर धुता येईल अशी काढता येणारी पन्हळ. बाकी दिवे आणि पडदे असले काय, नसले काय.

पिशवी या मशीनसाठीचीच लागते, आतून बारीक उठावाची जाळी असलेली. त्या जाळीच्या फटींतून हवा बाहेर येते. गुळगुळीत पिशवी लावली तर तोंड आधीच चिकटतं आणि हवा आत अडकते. अन्नासाठीची आहे असं लिहिलेली, हाताला जाड लागणारी पिशवी घ्या. धुऊन परत वापरायची असेल तर फळाची फळालाच. ज्या पिशवीत सुरमई ठेवली होती ती कितीही घासली तरी स्ट्रॉबेरीला नको.

बाकी लागतं ते घरात असतंच. पातळ ॲल्युमिनियमचा पसरट ट्रे, बटर पेपर, मोठी रोवळी, दोन-तीन जुने सुती पंचे. ट्रे ॲल्युमिनियमचाच का, तर स्टीलपेक्षा तो थंडी फार लवकर फळापर्यंत पोचवतो, आणि प्लॅस्टिक तर अडवूनच धरतं.

फ्रीजर उणे १८ अंशांवर असायला हवा. शंका असेल तर छोटा थर्मामीटर रात्रभर आत ठेवून सकाळी बघा. तोही नसेल तर आइस्क्रीमचा डबा काढा. चमचा सहज रुतत असेल तर फ्रीजर पुरेसा गार नाही. जुन्या एकदारी फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात वर्षभराची साठवण करू नका. तिथे महिना-दीड महिन्यापुरतंच ठेवा.

बाजारात

मऊ फळ निवडताना सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण फ्रीजर फळ सुधारत नाही. आंबट आत गेलं तर आंबटच बाहेर येतं.

जांभळी नाक्यावरच्या एका मावशींनी मला पहिल्याच वर्षी सांगितलं होतं, "ताई, वरचं काय बघता, टोपलीच्या तळाला हात घाला." तेव्हापासून तसंच करते. तळाचा पाला जांभळा आणि चिकट लागला तर खालची फळं आधीच फुटलेली आहेत. जांभूळ गोठवायला पूर्ण काळं, चकचकीत, देठाकडे जराही गुलाबी नसलेलं हवं, पण बोटांत धरल्यावर ताठ. बदलापूरकडचं जांभूळ चांगलं असतं. पालघरजवळच्या बहाडोलीचं मिळालं तर सोडू नका, ते गराला भरलेलं आणि बीला लहान असतं. पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी आलेलं फळ मात्र गोठवायला घेऊ नये. ते पाणी प्यायलेलं असतं आणि गोठताना साल तडकते.

स्ट्रॉबेरी डिसेंबरपासून मार्चपर्यंत मुबलक असते. डबा उलटा करून खालून बघा. तळाचा कागद ओला दिसला की तो डबा ठेवून द्या. कॅमारोजा जातीचं फळ ताठ असतं, ते गोठवायला उत्तम. स्वीट चार्ली खायला गोड पण अंगाने नाजूक, ती त्याच दिवशी खावी. मोठ्या प्रमाणात घ्यायचं असेल तर तुर्भ्याच्या एपीएमसी फळबाजारात पहाटे जाणं परवडतं, पण पेटी घेऊन ठाण्याला यायचं तर सोबत कुणीतरी पेटी मांडीवर धरणारं हवं. डिकीत ठेवलेली पेटी ऐरोलीच्या पुलापर्यंतच खालून ओली होते, हे माझ्यासमोर झालं आहे.

एका दिवसात फ्रीजर किती फळ पेलेल याचाही अंदाज बाजारातच करा. दर तीस लिटर जागेला एका दिवसात किलोभर, याच्या पलीकडे गेलात तर सगळंच सावकाश गोठतं आणि आत आधीपासून असलेलंही मऊ पडतं. मी साध्या दोनदारी फ्रीजमध्ये रोज किलोभरच करते. पाच किलो जांभळं एकदम घेण्यापेक्षा पाच दिवस रोज किलो घेते.

धुणं आणि वाळवणं

स्ट्रॉबेरी देठासकट धुवायची, देठ मग काढायचा. उलट केलंत तर देठाच्या भोकातून पाणी आत शिरतं आणि त्याचा पुढे बर्फ होतो. नळाच्या धारेखाली फळ धरू नका. मोठ्या पातेल्यात गार पाणी घ्या, मूठ-दोन मुठी फळ सोडा, हाताने पाणी हलकेच ढवळा आणि तळहातावर उचलून रोवळीत काढा. पातेलं फळासकट रोवळीत ओतायचं नाही, कारण खाली बसलेली माती परत फळावर येते. पाणी पिण्याचं वापरा. गोठवल्याने सगळे जंतू मरत नाहीत, ते नुसते थांबतात, आणि हे फळ आपण न शिजवता खाणार आहोत.

जांभळं मी दोन पाण्यांतून काढते. करवंदाच्या देठाला पांढरा चीक असतो, त्याला तीन पाणी लागतात. मे महिन्यात येऊरच्या बाजूने आदिवासी बायका पानांच्या द्रोणात करवंदं घेऊन येतात, त्यातली काळी, तयार तेवढीच गोठवायला घ्या.

आता वाळवणं. घाई होते ती इथेच. ओट्यावर सुती पंचा दुहेरी अंथरा, फळं एका थरात पसरा, वरून पंखा लावा. अर्ध्या तासाने पंचा बदला. जूनमधल्या ठाण्याच्या हवेत फळ आपोआप सुकत नाही, पंखा हवाच. घरात एसी असेल तर त्या खोलीत जमिनीवर पसरणं सगळ्यात चांगलं. पुसू नका, फारतर पंच्याची कड धरून फळं एकदा हलकेच लोळवा. स्ट्रॉबेरीच्या बियांच्या खळग्यात आणि जांभळाच्या देठाच्या खाचेत पाणी लपलेलं असतं. एक फळ कोरड्या टिशू कागदावर मिनिटभर उलटं ठेवा. कागदावर डाग उमटला नाही म्हणजे झालं.

याच वेळी निवडणंही होतं. चिरलेलं, दबलेलं, डाग असलेलं प्रत्येक फळ बाजूला काढा. एक फुटलेलं जांभूळ ट्रेवर शेजारच्या चारांना चिकटवतं. बाजूला काढलेल्यांचा त्याच संध्याकाळी गर काढा, फुकट काही जात नाही.

ट्रेवर गोठवणं

ट्रे आधी अर्धा तास फ्रीजरमध्ये रिकामा ठेवा. बाहेर काढून बटर पेपर अंथरा आणि फळं मांडा, एकमेकांना न टेकता, मध्ये करंगळी जाईल इतकी जागा सोडून. स्ट्रॉबेरी कापलेल्या देठाच्या बाजूवर उभी बसते, टोक वर. तशी मांडली की खाली कमी चिकटते. ट्रेवर दुसरा थर चढवायचा नाही. जागा कमी असेल तर चार कोपऱ्यांवर चार स्टीलच्या वाट्या ठेवून वर दुसरा ट्रे ठेवा, मधून हवा फिरली पाहिजे.

हे काम रात्री भांडी आवरून झाल्यावर करा. मग सकाळपर्यंत फ्रीजर कुणी उघडत नाही. लहान फळ पाच-सहा तासांत गोठतं, पण मी घड्याळावर विसंबत नाही. एक फळ उचलून स्टीलच्या ताटलीत टाकते. गोट्या टाकल्यासारखा टण् आवाज आला तर बाहेरून झालं. मग त्यातलं सगळ्यात मोठं फळ सुरीने मधोमध कापते. सुरी मध्यापर्यंत सारखी अडखळत गेली तर तयार. मध्ये सुरी एकदम सरकली म्हणजे पोट अजून मऊ आहे, आणि ते पोट हवा काढताना खचतं. अशा वेळी ट्रे आणखी तीन-चार तास आत जाऊ द्या. ट्रेवरच दोन-तीन दिवस मात्र विसरू नका, उघड्यावर फळ सुकायला लागतं.

हवा काढणं

इथे सगळी मांडणी आधी करून ठेवायची असते, कारण गोठलेलं फळ आपल्या दमट हवेत काढलं की मिनिटभरात त्यावर पांढरी साय धरते. ती साय म्हणजे हवेतलं पाणी. तेच पाणी पुढे पिशवीत बर्फाचा चुरा होतं आणि सीलच्या जागी आलं तर सील बिघडवतं. म्हणून पिशव्या आधी कापून, एक बाजू सील करून, नाव-तारीख लिहून, त्याही फ्रीजरमध्ये गार करायला ठेवाव्यात. नाव आधी लिहायचं, भरल्यावर ओल्या पिशवीवर पेन चालत नाही. ट्रे एका वेळी एकच बाहेर काढा. पंखा बंद.

पिशवीचं तोंड चार बोटं बाहेरच्या बाजूला दुमडा, पायजम्याची कड दुमडतो तसं. फळ भरा आणि मग दुमड सरळ करा. त्यामुळे सीलची जागा कोरडी आणि स्वच्छ राहते. तरीही आतून कोरड्या कागदाने एकदा पुसा. फळाच्या वर सात-आठ सेंटिमीटर मोकळी पिशवी राहिली पाहिजे. त्या मोकळ्या भागात फळाच्या लगेच वर टिशू कागदाची एक घडी आडवी ठेवली तर सुटं दव तिथेच टिपलं जातं. एका पिशवीत एका वेळी संपेल एवढंच, आमच्याकडे पाव किलो, आणि शक्यतो एकाच थरात, फारतर दोन. गच्च गोळा झालेल्या पिशवीत कोपऱ्यावरच्या फळांवर सगळा ताण येतो.

मशीनच्या सेटिंगमध्ये 'सौम्य' किंवा 'मॉइस्ट' (ओल्या पदार्थांसाठीचं) असेल तर ते घ्या. मग पल्सचं बटण दाबा, दोन सेकंद, सोडा. पिशवी फळांवर बसते का बघा. पुन्हा दोन सेकंद. प्लॅस्टिक फळांच्या आकाराला चिकटलं, बोटाने ढकलल्यावर फळं जागची हलली नाहीत, की तिथेच थांबून सील करा. प्लॅस्टिक फळांच्या मधल्या फटींत पूर्ण घुसेपर्यंत ओढायची गरज नाही. गोठलेल्या फळालाही टोकं असतात, फार ओढलं तर पिशवीला बारीक भोक पडतं आणि ते महिन्याने कळतं.

सीलची पट्टी उजेडाकडे धरून पहा. ती सलग, पारदर्शक आणि सुरकुतीविना हवी. त्याच्या बाहेर बोटभर अंतरावर दुसरं सील मारा. मी प्रत्येक पिशवीला दोन मारते. दोन पिशव्यांच्या मध्ये मशीनला मिनिटभर विसावा द्या, पट्टी फार तापली की प्लॅस्टिक वितळून पातळ होतं. झालेली पिशवी लगेच आत. ओट्यावर चार पिशव्या जमेपर्यंत थांबू नका.

काचेच्या बरणीतून हवा काढायचं झाकण काही मशीनसोबत मिळतं. मऊ फळाला ते सगळ्यात जपणारं साधन आहे, कारण बाहेरच्या हवेचा दाब काच झेलते, फळाला काही लागत नाही. फ्रीजरला चालणारी, सरळ भिंतींची बरणी घ्या आणि फळ आधी गोठवूनच भरा. अडचण एकच, जागा फार खाते.

मशीनच नसेल तर झिपची जाड पिशवी घ्या. गोठलेलं फळ भरा, झिप बोटभर उघडी ठेवून पिशवी बर्फाच्या पाण्यात तोंडापर्यंत बुडवा. पाणी चहूबाजूंनी हलकेच दाबून हवा बाहेर काढतं. झिप बंद करा, बाहेरून पुसा, लगेच आत ठेवा. चार-पाच महिने याने छान निघतात.

कुठलं फळ कसं

हापूसच्या फोडी ही सगळ्यात सोपी गोष्ट आहे. आंबा पिकलेला पण ताठ घ्या, कापून आत साका, म्हणजे गरातला पांढरट, स्पंजासारखा खराब भाग, नाही ना ते बघा, दोन सेंटिमीटरच्या फोडी करा, ट्रेवर मांडा. रस काढायचा असेल तर तो बर्फाच्या साच्यात गोठवून त्याच्या वड्या सील करा. पातळ रस पिशवीत घालून हवा काढायचा प्रयत्न करू नये, तो थेट मशीनमध्ये जातो.

हीच साच्याची युक्ती सीताफळाला. त्याच्या पाकळ्या अख्ख्या टिकत नाहीत आणि हवेत काळ्या पडतात. बिया काढून गरात थोडा लिंबाचा रस घाला, साच्यात गोठवा, मग वड्यांची हवा काढा. शिजवून ठेवायचा विचार सोडा, गर कडवट होतो.

पुरंदरचं अंजीर अख्खं ठेवलं तर तळाशी बसतं. उभं दोन भागांत कापा, कापलेली बाजू वर ठेवून मांडा, त्या बाजूवर लिंबाचा रस ब्रशने लावा.

फणसाचे काप्याचे गरे उत्तम राहतात, आठळी काढून. बरका फणस गोठवू नका, तो ट्रेवरच पसरतो. फणसाला व्हॅक्यूमचा वेगळा फायदा म्हणजे वास पिशवीतच राहतो, नाहीतर आठवड्यात बर्फालाही फणसाचा वास येतो.

स्ट्रॉबेरी साखरेत घोळवून गोठवायची जुनी रीतही चांगली आहे. किलोला साधारण १५० ग्रॅम साखर, दहा मिनिटं मुरू द्यायची. रंग आणि पोत दोन्ही जास्त टिकतात. पण साखरेने रस सुटतो, म्हणून ती डब्यातच ठेवा, वर दोन बोटं जागा सोडून. सीलरकडे नेऊ नका.

कलिंगड आणि पपई मी गोठवत नाही. पाणी आणि गर वेगळे होतात, हाती काही लागत नाही.

वीज गेली तर

एका जूनमध्ये आमच्या गल्लीत संध्याकाळी गेलेली वीज दुसऱ्या दिवशी दुपारी आली. शेजारी सगळे फ्रीज उघडून बघत होते, मी आमच्या दाराला हात लावू दिला नाही. दार बंद असलं तर भरलेला फ्रीजर साधारण ४८ तास गार राहतो, अर्धा भरलेला २४ तास. म्हणून फ्रीजर रिकामा दिसला तर पाण्याच्या बाटल्या भरून ठेवते, गोठून त्याच थंडी धरतात. वीज आल्यावर पिशव्या दाबून पाहिल्या, सगळ्या दगडासारख्या होत्या. बोटाला मऊ लागली पण आत बर्फाचे कण आहेत अशी पिशवी त्याच दिवशी फोडून वापरा किंवा पुन्हा गोठवा, फक्त मग ती सरबताची झाली असं समजा.

हवा काढली म्हणून फळ बाहेर टिकतं असा समज दोन-तीन जणींनी बोलून दाखवला, तेव्हा हे ठळक सांगते. हवाबंद पिशवी थंडीची जागा घेत नाही. काही घातक जंतू हवा नसलेल्या जागीच वाढतात, आणि सीताफळ, पिकलेलं अंजीर यांसारख्या आंबटपणा कमी असलेल्या फळांत त्यांना अडवणारं काही नसतं. वितळलेली बंद पिशवी ओट्यावर ठेवायची नाही.

पिशवी उघडणं

फ्रीजरमधून पिशवी काढली की पहिलं काम कात्री. सीलच्या खाली आडवा काप द्या, हवा आत जाताना बारीक सुस्कारा ऐकू येतो आणि प्लॅस्टिक फळांवरून सुटतं. त्यानंतरच फळं पसरट ताटलीत, एका थरात, खाली पंचा घालून काढा. अख्खी हवी असतील तर ताटली फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, सावकाश वितळली की रस कमी सुटतो. पाण्यात टाकू नका, मायक्रोवेव्ह तर नकोच.

नुसती खायची असतील तर पूर्ण वितळू देऊ नका. जांभूळ बाहेर पंधरा-वीस मिनिटांत असं होतं की साल ताठ, आत बर्फाची कुरकुर, आणि गर बीपासून सुटायला तयार. गेल्या दिवाळीत लेकीने ताटली समोर ओढली, वर मीठ भुरभुरलं आणि काही न बोलता निम्मी संपवली. तिची जीभ जांभळी झालेली पाहून मी दुसरी पिशवी कापली.

स्ट्रॉबेरीला दहा मिनिटं पुष्कळ. श्रीखंडावर किंवा केकवर ठेवायची असेल तर वाढायच्या क्षणी, गोठलेलीच ठेवा. ती तिथे वितळते आणि उभी राहते.

आणि ताटलीत तळाला जो रस उरतो तो धुऊन टाकू नका. जांभळाच्या चार पिशव्यांचा मिळून अर्धी वाटी होतो. काळं मीठ, जिऱ्याची पूड आणि गार पाणी घातलं की दोन पेले सरबत.